क्युबा पुन्हा १९८१च्या आकड्यावर: एक देश आटतो म्हणजे नेमकं काय होतं?

२०२४ सालच्या अखेरीस क्युबाची लोकसंख्या तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या हिशेबानं ९७ लाख ४८ हजार होती. १९८१च्या जनगणनेत ती ९७ लाख २३ हजार भरली होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाटतं, त्रेचाळीस वर्षांत देश एक फेरी मारून निघाला होता तिथेच परत आला.

पण तो तिथे आलेला नाही. १९८१मध्ये साठी ओलांडलेला माणूस दहांत एक होता, आज तो चारांत एक आहे. तेव्हा शाळांत मुलं मावत नव्हती, आता पेन्शनच्या रांगा लांबल्या आहेत. माणसं जवळजवळ तेवढीच, तरी हे दोन वेगळे देश आहेत. लोकसंख्येबद्दल बोलताना आपण नेहमी 'किती' विचारतो. 'किती वयाची' हा प्रश्न मागे राहतो, आणि क्युबाची सगळी गोष्ट त्या प्रश्नात आहे.

क्युबाचं नाव आपल्याकडे बातम्यांत येतं ते बहुधा अंधारामुळे. ऑक्टोबर २०२४मध्ये संपूर्ण देशाचं वीजजाळं कोसळलं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतही चार ओळी आल्या. अशा बातमीच्या शेवटी एक वाक्य असतं, 'गेल्या काही वर्षांत लाखो लोक देश सोडून गेले आहेत'. हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

घरातली माणसं कमी होतात ती कशी?

एखाद्या घरातली माणसं तीनच कारणांनी कमीजास्त होतात. पाळणा हलतो, कुणी जातं, किंवा कुणी उंबरा ओलांडून बाहेर पडतं वा आत येतं. देशाचा हिशेबही इतकाच आहे.

क्युबाचं २०२४ साल घेऊ. जन्म झाले सुमारे ७१ हजार. मृत्यू झाले सुमारे १ लाख २८ हजार. म्हणजे कुणीही देश सोडला नसता तरी लोकसंख्या ५७ हजारांनी घटली असती. प्रत्यक्षात ती तीन लाखांहून जास्त घटली. उरलेले अडीच लाख म्हणजे जाणारे वजा येणारे. त्या वर्षीच्या घटीचे पाच भाग केले, तर चार भाग देश सोडण्यामुळे आणि एक भाग पाळण्यांपेक्षा तिरड्या जास्त झाल्यामुळे.

यातला एक भाग फार हळू, पन्नास वर्षांत घडत आलेला आहे. चार भाग अलीकडच्या चार-पाच वर्षांतले आहेत. दोन्हींची जात वेगळी आहे, म्हणून ते वेगवेगळे समजून घ्यावे लागतात.

मुलं कमी होऊ लागली ती कधीपासून?

इथे एक पारिभाषिक शब्द लागेल: एकूण जननदर. एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, याचा तो अंदाज. आईबापांची जागा पुढच्या पिढीनं भरून काढायची तर हा दर २.१ लागतो. दोन मुलं आईबापांच्या जागी, आणि वरचा दशांश यासाठी की काही मुलं मोठी होण्याआधीच दगावतात आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात. या २.१ला आपण भरपाईची पातळी म्हणू.

क्युबा या पातळीच्या खाली गेला १९७८मध्ये. भारतात आजही लोकसंख्या म्हटलं की सर्वात आधी केरळचं नाव निघतं, आणि केरळ तिथे पोचला त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी.

१९६०चं दशक मात्र अगदी उलट होतं. १९५९मध्ये फिदेल कॅस्ट्रोच्या क्रांतीनं सत्ता पालटली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जन्मांची लाट आली. गरिबांना प्रथमच काही बरं घडेल असं वाटू लागलं होतं, हे एक कारण. अमेरिकेशी व्यापार तुटल्यानं गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली होती आणि देशातले निम्मे डॉक्टर निघून गेले होते, हे दुसरं. १९६०च्या दशकाच्या मध्यावर क्युबात वर्षाला अडीच लाखांहून जास्त मुलं जन्मत होती. २०२४च्या ७१ हजारांशी याची तुलना करून पाहा.

मग ही लाट ओसरली कशी? कुणी सक्ती केली नाही. चीनसारखा 'एकच मूल' कायदा क्युबात कधी नव्हता. १९६१मध्ये साक्षरतेची मोठी मोहीम झाली, त्यात शाळकरी पोरापोरींनी खेड्यांत राहून सात लाखांवर प्रौढांना लिहावाचायला शिकवलं. मुली शाळेत टिकल्या, मग कॉलेजात, मग नोकरीत. १९६५पासून सरकारी इस्पितळांत गर्भपाताची सोय झाली, पुढे गर्भनिरोधकंही सहज मिळू लागली. बालमृत्यू घटत गेले. २०१८मध्ये हजार जन्मांमागे फक्त ४ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, श्रीमंत देशांच्या तोडीचा आकडा. (तो तिथे टिकला नाही. २०२४मध्ये तो ७च्या वर होता, आणि मला हा बदल सगळ्या अर्थशास्त्रापेक्षा जास्त बोलका वाटतो.) झालेलं मूल जगेल याची खात्री असली, की 'एखादं गेलं तर' म्हणून जास्तीची मुलं कुणी होऊ देत नाही.

देश आधी श्रीमंत होतो आणि मग मुलं कमी होतात, असा एक ठोकळा आपल्या मनात असतो. क्युबा श्रीमंत कधीच झाला नाही. शिकलेली बाई, हाताशी दवाखाना आणि जगणारं बाळ, एवढ्यावर तिथला जननदर उतरला. ती कौतुकाचीच गोष्ट आहे, हे पुढचं वाचताना विसरू नये.

१९७८नंतरही लोकसंख्या वाढत राहिली ती कशी?

हा प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. भरपाई होत नव्हती, तरी १९८१ला ९७ लाख असलेली लोकसंख्या २००२च्या जनगणनेत १ कोटी ११ लाखांवर गेली.

कोकणातल्या आंब्याच्या बागेचं उदाहरण घेतो. समजा, एका वर्षी तुम्ही भरपूर कलमं लावली आणि पुढे दरवर्षी लावणी कमी करत नेली. उत्पन्न लगेच घटतं का? उलट वाढतं. आधीची कलमं दहा-पंधरा वर्षांनी ऐन भरात येतात, नव्या रोपांची निगराणी थोडी, खर्च कमी, पेट्या जास्त. मालक खुशीत असतो. बागेत तरणी झाडं कमी झाली आहेत, हे त्या भरभराटीत डोळ्यांवर येत नाही. मग एक दिवस लक्षात येतं, की सगळी मोठी झाडं एकाच वेळी म्हातारी होत आली आहेत.

क्युबाचं असंच झालं. १९६०च्या दशकातल्या त्या मोठ्या लाटेतल्या मुली १९८०च्या दशकात आया झाल्या. प्रत्येकीला मुलं थोडी झाली, पण आयाच इतक्या होत्या की एकूण जन्म बऱ्यापैकी राहिले. माणसं जास्त जगू लागली, त्यामुळे मृत्यूही कमी. एकूण आकडा चढत राहिला आणि आतली वयं सरकत राहिली. २००२ ते २०१२ या दहा वर्षांत, क्रांतीनंतरच्या जनगणनांत पहिल्यांदा, लोकसंख्या किंचित घटली, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. बाग मात्र त्याच्या चौतीस वर्षं आधीच आटू लागली होती.

२०२०पासून मृत्यू जन्मांच्या वर गेले. कोविडचं २०२१ साल तर भयंकर गेलं. जन्म एक लाखाच्या जरा खाली आणि मृत्यू १ लाख ६७ हजार.

म्हाताऱ्या होत चाललेल्या बागेचंही नियोजन करता येतं, कारण ती कधी म्हातारी होणार हे आधीच दिसत असतं. पण त्यातच वादळ आलं आणि नेमकी ऐन भरातली झाडं उन्मळून पडली, तर? क्युबात २०२१नंतर तेच झालं.

उंबरा ओलांडणारे

क्युबा हा मुळात लोक येण्याचा देश. गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी (गुलामगिरी तिथे १८८६पर्यंत चालली), करारावर आणलेले सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर, ऊसतोडीला आलेले हैती आणि जमैकाचे लोक, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोट भरायला बोटींतून आलेले लाखो स्पॅनिश. खुद्द कॅस्ट्रोचे वडील स्पेनमधल्या गॅलिसियातून आलेले.

१९५९नंतर वारा फिरला. आधी श्रीमंत गेले, मग मध्यमवर्ग. १९८०मध्ये मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत पोचले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाची अर्थव्यवस्था एक तृतीयांशाहून जास्त आकसली आणि १९९४च्या उन्हाळ्यात ३५ हजारांच्या आसपास माणसं टायर-ट्यूब आणि फळ्यांच्या तराफ्यांवर बसून समुद्रात उतरली.

इतिहासातले हे दोन गाजलेले लोंढे. दोन्हींची बेरीज १ लाख ६० हजार. आणि २०२२च्या एका आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सीमांवर नोंदले गेलेले क्युबन होते सव्वादोन लाखांच्या घरात. पुढच्या वर्षी आणखी दोन लाख.

इतके एकदम का? कारणं एकावर एक येऊन पडली. कोविडनं पर्यटन बसलं. अमेरिकेनं निर्बंध आवळले होते. जानेवारी २०२१मध्ये सरकारनं दोन चलनांचं एक चलन केलं आणि महागाईनं पगार गिळले. जुलै २०२१मध्ये लोक रस्त्यावर उतरले, शेकडो जण तुरुंगात गेले. मग नोव्हेंबर २०२१मध्ये निकाराग्वानं क्युबन नागरिकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली. आता समुद्राशी झुंजायची गरज उरली नाही. घर विकायचं, निकाराग्वाचं तिकीट काढायचं आणि तिथून जमिनीच्या वाटेनं उत्तरेला चालू लागायचं. ज्यांचे आजोबा स्पेनहून आले होते, त्यांनी २०२२च्या स्पॅनिश कायद्याचा आधार घेतला, कारण त्यानं नातवंडांना नागरिकत्व मागायची वाट मोकळी केली. ज्या कागदावर आजोबांचा गॅलिसियातला जन्म नोंदला होता, तोच कागद घेऊन नातू राजधानी हवानातल्या स्पॅनिश वकिलातीपुढे रांगेत उभा.

जाणारे बहुतेक पंधरा ते साठ या वयातले. शिकलेले, कमावते, आणि आई व्हायच्या वयातल्या मुली त्यांत मोठ्या संख्येनं. म्हणून एक तरुणी गेली की हिशेबात एकच माणूस कमी होत नाही, तिला पुढे होणारी मुलंही वजा होतात. शेजारी, मैत्रिणी, वर्गातल्या बाकावरची जोडीदार गेली, की मागे राहिलेलीही बाळाचा विचार पुढे ढकलते. जन्म ९० हजारांवरून ७१ हजारांवर यायला एकच वर्ष लागलं, त्यामागे हे आहे.

एका घोषणेत दहा लाख माणसं कमी कशी झाली?

जुलै २०२४पर्यंत क्युबाचा सरकारी आकडा १ कोटी १० लाखांच्या वर होता. त्या महिन्यात सांख्यिकी कार्यालयाचे उपप्रमुख हुआन कार्लोस अल्फोन्सो फ्रागा यांनी संसदेत सांगितलं, की २०२३च्या अखेरीस देशात फक्त १ कोटी ५५ हजार माणसं होती. २०२०च्या तुलनेत दहा टक्क्यांहून जास्त घट. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच १० लाख ११ हजार लोक गेले होते.

आधीचा आकडा मग खोटा होता का? याचं उत्तर कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. गावाकडच्या रेशनकार्डावर सात नावं असतात. त्यातली चार मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. चूल दररोज तिघांचीच पेटते. मग घरात माणसं किती, सात की तीन? नोंद म्हणते सात, पातेलं म्हणतं तीन.

क्युबाचा जुना कायदा असा, की चोवीस महिने सलग बाहेर राहिल्याशिवाय माणूस 'देश सोडून गेलेला' धरायचा नाही. कोविडच्या काळात ही चोवीस महिन्यांची मुदतही बेमुदत वाढवली गेली. त्यामुळे अमेरिकेच्या फ्लोरिडातल्या मायामीत घर घेऊन, नोकरी करून, तिथेच मूल जन्माला घातलेला माणूसही हवानाच्या कागदांवर हवानातच राहत होता. २०२४मध्ये सांख्यिकी कार्यालयानं नवी व्याख्या घेतली. वर्षभरात निदान १८० दिवस जो देशात होता, तोच मोजायचा. कार्डावरची नावं सोडून पातेलं मोजायला घेतलं, आणि दहा लाख माणसं कागदावरूनही गेली.

काहींच्या मते हेही पुरेसं नाही. क्युबातलेच अर्थ आणि लोकसंख्यातज्ज्ञ हुआन कार्लोस अल्बिसू-काम्पोस यांनी अमेरिकेतल्या नोंदींचा आधार घेऊन २०२३च्या अखेरची लोकसंख्या सुमारे ८६ लाख असावी असं मांडलं. सरकारी आकड्यापेक्षा चौदा लाखांनी कमी. वाद मिटवायला घरोघरी जाऊन मोजणं हाच उपाय, पण शेवटची जनगणना २०१२ची. २०२२ची ठरलेली पुढे ढकलली, २०२५वर नेली, तीही पुढे गेली. आपलीही २०२१ची जनगणना २०२७वर गेली, तेव्हा याला हसण्याची सोय आपल्याला नाही. मोजणी चुकली की त्यावर आधारलेलं सगळंच चुकतं. किती धान्य लागेल, किती शिक्षक लागतील, दर हजारी डॉक्टर किती, या सगळ्यांच्या खाली तोच एक आकडा असतो.

'खाणारी तोंडं कमी झाली, बरंच झालं की!'

हा आक्षेप भारतात हमखास येतो, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. कमी मुलं म्हणजे प्रत्येक मुलाकडे जास्त लक्ष. पण तोंडं कमी होणं आणि हात कमी होणं यांत फरक आहे. क्युबातून गेले ते हात.

साखरेचं पाहा, कारण महाराष्ट्राला साखर कळते. १९८०च्या दशकात क्युबा वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टन साखर काढायचा, जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी तो एक होता. २०२३च्या हंगामात साडेतीन लाख टनांच्या आसपास निघाली, पुढच्या हंगामांत त्याहूनही कमी. देश साखर आयात करू लागला. कारणं अनेक: सोव्हिएत गिऱ्हाईक गेलं, निम्मे कारखाने सरकारनंच बंद केले, खत नाही, डिझेल नाही. माणसं जाण्याला मी पहिलं कारण म्हणणार नाही. पण शेतात उतरायला तरुण नाही आणि गिरणीतला जाणता मेकॅनिक फ्लोरिडात आहे, अशा वेळी उद्या खत आलं तरी हंगाम उभा राहत नाही.

पेन्शनचंही तेच. २००८मध्ये क्युबानं निवृत्तीचं वय पाच वर्षांनी वाढवलं, बायकांना ६० आणि पुरुषांना ६५. तरीही देणारे घटत चालले आणि घेणारे वाढत. किमान पेन्शन बराच काळ महिन्याला १,५२८ पेसो होती. खुल्या बाजारात तीस अंड्यांचा ट्रे याच्या जवळजवळ दुप्पट पैशांना मिळत होता. सप्टेंबर २०२५मध्ये ही किमान पेन्शन दुप्पट केली, म्हणजे आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाच्या महिन्याच्या पेन्शनीत आता साधारण एक ट्रे येतो.

शिवाय हे हात नुसते कमावणारे नव्हते. रात्री उठून पाणी देणारे, दवाखान्यात नेणारे, रेशनच्या रांगेत उभे राहणारे तेच होते. क्युबातलं रेशनचं पुस्तक १९६०च्या दशकापासून चालू आहे, पण आता त्यावर मिळतं थोडं आणि थांबावं लागतं फार. सत्तरीची बाई नव्वदीच्या आईला सांभाळते आहे, मुलगा फोनवर आहे, आणि वीज गेल्यानं फोनही बंद आहे, हे तिथलं आजचं घर.

'साम्यवादाची ही फळं!' की 'निर्बंधांची ही फळं!'

क्युबाचा विषय निघाला की दोन गट पडतात आणि लोकसंख्या बाजूला राहते. म्हणून शेजारचं प्वेर्तो रिको पाहू. भाषा स्पॅनिश, इतिहास उसाचा आणि गुलामीचा, पण ते अमेरिकेचाच भाग आहे. चलन डॉलर, निर्बंध शून्य, साम्यवाद शून्य. तिथली लोकसंख्या २०१०मध्ये ३७ लाख २६ हजार होती, २०२०मध्ये ३२ लाख ८६ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ बारा टक्के घट, आणि जननदर क्युबापेक्षाही कमी.

म्हणजे पाळणे रिकामे राहणं आणि बेटावरून मोठ्या भूमीकडे ओढ असणं, हे कोणत्याही झेंड्याखाली होतं. क्युबाचं वेगळेपण वेगात आहे. प्वेर्तो रिकोला जे दशकभर लागलं, ते क्युबात तीन वर्षांत झालं, आणि त्या वेगाचा हिशेब हवानातल्या सरकारकडेही मागावा लागतो आणि वॉशिंग्टनकडेही. एकालाच जबाबदार धरलं, तर अर्धी गोष्ट हातून सुटते.

आपल्याकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात घटली, रत्नागिरीची जवळजवळ पाच टक्क्यांनी. तिथे कुणी क्रांती केली नव्हती. मुंबई जवळ होती, एवढं पुरलं. पण मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी घरी पोचता येतं. हवाना आणि मायामी यांच्यात पाणी साडेतीनशे किलोमीटरच आहे, तरी ते ओलांडून आईच्या तेराव्याला येता येईल की नाही, हे दोन सरकारं ठरवतात.

'मग बायकांना सांगा, जास्त मुलं होऊ द्या'

सरकारनं सांगून पाहिलं आहे. बाळंतपणानंतरची पगारी रजा आधी वर्षाची आणि २०२१पासून पंधरा महिन्यांपर्यंत. ती रजा आईऐवजी बापाला, अगदी आजीआजोबांनाही घेता येते. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या आयांना घरासाठी मदत. कागदावर हे आपल्याकडच्या कितीतरी खासगी नोकऱ्यांपेक्षा बरं आहे. पण देशात आठ लाखांहून जास्त घरांची तूट आहे. तीन पिढ्या दोन खोल्यांत, घटस्फोट झालेलं जोडपंही जागेअभावी त्याच छपराखाली. २०२४च्या सुरुवातीला सात वर्षांखालच्या मुलांचं दूध पुरवण्यासाठी क्युबाला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाकडे हात पसरावे लागले. दुधाची भुकटी मिळत नसताना रजेच्या लांबीवरून कुणी बाळाचा निर्णय घेत नाही.

सरासरीच्या आड आणखी एक गोष्ट दडलेली आहे. क्युबाचा जननदर दीडच्याही खाली असताना, पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये मात्र हजारामागे सुमारे पन्नास जन्म होतात. इतक्या कमी जननदराच्या देशात हे फार आहे. शिकलेली तिशीतली बाई थांबते आणि पूर्वेकडच्या गरीब प्रांतातली सोळा वर्षांची पोर आई होते. 'जन्म वाढवा' असा सरसकट धोशा लावला, तर त्याचा भार कुणावर पडेल हे उघड आहे.

आणि समजा, चमत्कार झाला आणि जननदर पुन्हा २.१वर गेला, तरी? २०२४ला जन्मलेल्या ७१ हजारांत मुली साधारण ३५ हजार. त्या सगळ्या देशात राहिल्या आणि प्रत्येकीला सरासरी २.१ मुलं झाली, तरी जन्म पुन्हा ७३ हजारांच्याच घरात. पाळणे थांबले की त्याचा पडसाद पंचवीस-तीस वर्षांनी परत येतो, आणि तोवर आया कुठून आणणार?

'बाहेरून पैसा तर येतो ना?'

येतो, आणि त्यावर लाखो घरं तगून आहेत. कोकणाला मनीऑर्डर काय करते हे सांगायला नको. पण पैसा सगळ्यांकडे सारखा येत नाही. २०१२च्या जनगणनेत लोकांनी स्वतःच सांगितलेल्या वर्णानुसार ६४ टक्के गोरे, २७ टक्क्यांच्या जवळ मिश्र आणि ९ टक्के काळे. क्रांतीनंतर पहिल्या लाटांमध्ये गेले ते बहुसंख्य गोरे. म्हणून मायामीतले नातेवाईक, आणि स्पॅनिश आजोबांचा कागदही, जास्त करून गोऱ्या घरांत. काळ्या कुटुंबांना ना डॉलर, ना पासपोर्ट. जी दरी मिटवायची म्हणून क्रांती झाली, ती नात्यांच्या वाटेनं परत रुंदावते आहे.

सरकारच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. सप्टेंबर २०२२मध्ये सार्वमतानं मंजूर झालेल्या कुटुंब कायद्यात म्हाताऱ्यांचे हक्क आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे हक्क स्पष्ट लिहिले आहेत. दिवसा वृद्धांना जेवण आणि सोबत देणारी 'आजीआजोबांची घरं' तर त्याआधीपासून गावोगावी आहेत. कल्पना उत्तम आहे. ती चालवायला स्वयंपाकी, नर्स, गाडीवान लागतात, आणि तेच वयोगट रिकामे होत आहेत.

पुढची पंधरा-वीस वर्षं

लोकसंख्येचं भाकीत अवघड असतं असं म्हणतात, पण वीस वर्षांनी साठीचे किती असतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, ते आज चाळिशीत दिसतातच. क्युबाच्या त्या सर्वात मोठ्या लाटेतल्या, १९६४ला जन्मलेल्या बायका २०२४मध्ये साठीच्या झाल्या, म्हणजे पेन्शनीला आल्या. त्यांच्या वर्गातले मुलगे २०२९मध्ये येतील. त्यांच्या मागची काही वर्षंही तितकीच भरलेली आहेत. त्यांच्या जागी कामाला लागायचं आहे ते एकविसाव्या शतकातल्या पोरांनी. वर्षाला लाख-सव्वा लाख जन्मलेली ती मुलं, आणि त्यांतलीही कितीतरी आज फ्लोरिडात, माद्रिदमध्ये किंवा ब्राझीलमध्ये आहेत.

२०४२मध्ये २०२४ची ७१ हजार बाळं अठरा वर्षांची होतील. त्यांपैकी किती तेव्हा क्युबात असतील ते आज सांगता येत नाही. १९६४ची पिढी तेव्हा अठ्ठ्याहत्तरीत असेल, आणि क्युबातलं सरासरी आयुर्मान सध्या साधारण तेवढंच आहे.